कंपनीतला डॉक्टर

आमच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७४ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ज्यांचे नाव त्याला आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ त्याच गावातल्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक होते. तेव्हापासून आमच्याकडे डॉक्टरच्या दोनच वाटा सगळ्यांना ठाऊक: सरकारी नोकरी नाहीतर स्वतःचा दवाखाना. आता मी ज्यांना शिकवले त्यांची मुले एमबीबीएस, एमडी होऊन औषध कंपनीत जातात आणि गाव हळहळते, "डॉक्टरकी सोडली की हो पोराने!" ही नोकरी आली कुठून, ते जरा पाहू.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध बाजारात आले. ते गर्भवतींनाही मळमळीवर दिले जाई. पुढे अनेक देशांत हजारो बाळे हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत ते मागे घेतले गेले. अमेरिकेत मात्र त्याच्या परवानगीचा अर्ज १९६० साली फ्रान्सिस केल्सी या सरकारी खात्यातल्या डॉक्टर बाईंकडे आला होता. कंपनीने तगादा लावला, तरी पुरावा अपुरा म्हणून बाईंनी परवानगी दिलीच नाही.

१९६२ साली तिथे कायदा झाला, की औषध गुणकारी आहे हे कंपनीने रीतसर चाचण्यांनी सिद्ध करावे. साहजिकच कंपन्यांना डॉक्टर हवेसे झाले. १९६७ साली अपजॉन कंपनीने डॉक्टरांशी शास्त्रीय भाषेत बोलणारी खास माणसे नेमली. आजच्या 'मेडिकल अफेअर्स'चे मूळ बरेचसे तिथे आहे.

आपल्याकडे २०१० साली औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१६ पासून तर कंपनीतले हे काम प्रशिक्षित डॉक्टर किंवा फार्मासिस्टच्या हाती असावे, असा नियमच आहे. म्हणजे वाटा अनेक आहेत: चाचण्या, औषधसुरक्षा, वैद्यकीय सल्लागार. सल्लागाराने जाहिरातीतला प्रत्येक दावा शोधनिबंधाशी ताडून पाहायचा, डॉक्टरांच्या शंकांना पुराव्यानिशी उत्तर द्यायचे. त्याच्या डोक्यावर विक्रीचे टार्गेट नसावे, अशी अपेक्षा असते.

खरी मेख इथेच आहे. केल्सीबाई सरकारी खुर्चीवर होत्या. ज्याचा पगार कंपनी देते, त्याने कंपनीलाच 'नाही' म्हणायचे, हे अवघड. दवाखान्यातल्या डॉक्टरची चूक एका रोग्याला भोवते, इथल्या गप्प बसण्याची किंमत हजारो लोक मोजतात. म्हणून याला डॉक्टरकी सोडणे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मुलांनो, मुलाखतीला गेलात तर पगाराआधी एक विचारा: आमचा विभाग विक्रीच्या साहेबाच्या हाताखाली तर नाही ना? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर काय ते समजून घ्या.