दुसऱ्या मितीची कुळकथा

द्विमितीय द्रव क्रोमॅटोग्राफीत एकाच मिश्रणाचे घटक दोन वेगळ्या गुणांच्या कॉलममधून, म्हणजे पदार्थ भरलेल्या नळ्यांतून, लागोपाठ वेगळे केले जातात. पहिल्या कॉलममधून बाहेर पडणारा द्रव थोडा थोडा करून दुसऱ्यात सोडला जातो. आज हे काम झडपा आणि संगणक करतात. या कल्पनेचा जन्म मात्र गाळणकागदाच्या एका चौकोनावर झाला.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून सोडून हिरवे-पिवळे पट्टे वेगळे केले आणि 1906 मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. दुसरी मिती आली ती 1944 मध्ये. इंग्लंडमधील लीड्स येथे लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन हे लोकरीतील अमिनो आम्ले शोधत होते. कागदाच्या कोपऱ्यावर नमुन्याचा थेंब ठेवून त्यांनी एक द्रावक एका दिशेने वाहू दिला, कागद वाळवला, काटकोनात फिरवला आणि दुसरा द्रावक वापरला. निनहायड्रिन फवारताच एका ओळीत दाटीने बसलेली आम्ले कागदभर जांभळ्या ठिपक्यांनी पसरलेली दिसली.

आजही देशभरातल्या बी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्र पदवी) अभ्यासक्रमात वनस्पतींची रंगद्रव्ये कॉलमवर आणि अमिनो आम्ले कागदावर वेगळी करण्याची प्रात्यक्षिके आहेत, पुढे एचपीएलसीचे (उच्च कार्यक्षमतेच्या द्रव क्रोमॅटोग्राफीचे) दर्शनही आहे. म्हणजे या घराण्याच्या पहिल्या पिढ्या विद्यार्थ्याच्या हाताखालून जातात.

कागदावर घटक जिथल्या तिथे थांबतात. कॉलममधून ते वाहत बाहेर पडतात. दुसरी मिती कॉलमवर आणण्यातली खरी अडचण इथेच होती, आणि ती सुटायला चौतीस वर्षे लागली. 1978 मध्ये एर्नी आणि फ्राय यांनी सोनामुखीच्या अर्कातील ग्लायकोसाइडे आधी रेणूंच्या आकारमानानुसार आणि मग रिव्हर्स्ड फेज कॉलमवर, म्हणजे रेणूंच्या जलविरोधी गुणानुसार, वेगळी केली. पहिल्या कॉलममधील द्रवाचे त्यांना सातच भाग पुढे पाठवता आले. 1990 मध्ये बुशी आणि जॉर्गेन्सन यांनी प्रथिनांसाठी हेच काम स्वयंचलित केले: झडपेला दोन नळ्या जोडलेल्या, एक भरत असताना दुसरीतला भाग पुढच्या कॉलममध्ये.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञ गिडिंग्ज यांनी या खटाटोपाचा हिशेब मांडला होता. पहिला कॉलम 100 शिखरे (आलेखावर वेगळ्या झालेल्या घटकांचे उंचवटे) सामावू शकत असेल आणि दुसरा 20, तर दोघांची कमाल क्षमता 2000. पण हा गुणाकार कागदावरचा. दोन्ही कॉलम एकाच गुणावर निवड करत असतील तर दुसरा जवळपास वाया जातो. त्याच चाळणीतून धान्य पुन्हा चाळून नवे काही निघत नाही. म्हणून विद्युतभारावर निवड करणाऱ्या आयन-विनिमयाला रिव्हर्स्ड फेजची जोड दिली जाते.

दुसरी अट वेळेची. मर्फी, शूर आणि फोली यांनी 1998 मध्ये दाखवले की पहिल्या मितीतील प्रत्येक शिखराचे किमान तीन-चार भाग घ्यावेत, नाहीतर तिथे वेगळे झालेले घटक नळीत पुन्हा मिसळतात. शिखर एक मिनिट रुंद असेल, तर दुसऱ्या कॉलमला सुमारे वीस सेकंदांत सगळे आटोपून पुढच्या भागासाठी तयार व्हावे लागते. त्यामुळे पहिला कॉलम संथ आणि दुसरा आखूड, वेगवान ठेवतात. तिसरी अट द्रावकांची. पहिल्याचा द्रावक दुसऱ्यासाठी फार जोरकस असला, तर घटक कॉलमच्या तोंडाशी न थांबता पसरतात. मग तो आधी पातळ करून घ्यावा लागतो. एक बाजू सावरली की दुसरी सुटते, आणि या पद्धतीची रचना म्हणजे बहुतांशी हीच तडजोड.

महाराष्ट्रात या घराण्याची वायुरूप शाखा द्राक्षांपर्यंत पोचली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये द्राक्षांतील कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी द्विमितीय वायू क्रोमॅटोग्राफीच्या अटी ठरवून प्रसिद्ध केल्या. फळातल्या असंख्य नैसर्गिक घटकांच्या गर्दीत अत्यल्प अवशेष हेरायचा, तर एक मिती अपुरी पडते.

दोन-तीन घटकांच्या गोळीची तपासणी करायला साधी एचपीएलसी पुरते, तिथे दुसरी मिती निव्वळ खर्च. वनौषधींचे अर्क आणि प्रथिनांची मिश्रणे यांच्यासाठी मात्र ती घेण्याजोगी आहे.