शाळेतला सकाळचा गणिताचा तास: पहिली-दुसरीच्या वर्गात 10 मिनिटांत काय काय होतं?

परिपाठ संपला, हजेरी झाली की अनेक शाळांत पहिली-दुसरीची मुलं लगेच पुस्तक उघडत नाहीत. आधी 10 ते 15 मिनिटं संख्यांशी खेळ होतो. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने. पाढे म्हणण्यापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे.

याची गरज का?

मराठीत 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी 2, मग 5. त्यामुळे लहान मुलं 25 ऐवजी 52 लिहितात. 'एकोणतीस'मध्ये तर नऊ ऐकूच येत नाही. तीसला एक कमी, हे मुलाला मनात सोडवावं लागतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. नाव कोणतंही वापरा, दशक आणि एकक डोळ्यांना दिसले तर गोंधळ कमी होतो.

रोज काय करतात?

*काड्यांचा हिशोब:* शाळेच्या प्रत्येक दिवशी डब्यात एक काडी. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. तेविसाव्या दिवशी 2 गठ्ठे आणि 3 सुट्या काड्या समोर असतात. 'तेवीस' म्हणजे काय, ते मूल हाताने मोजून बघतं.

*हजेरीचं गणित:* पटावर 28, हजर 24. गैरहजर किती? मुलं 25, 26, 27, 28 अशी पुढे मोजतात आणि चार सांगतात. दुपारच्या पोषण आहाराला किती ताटं लागतील, हेही त्यातच येतं.

*आजची संख्या:* फळ्यावर 16 लिहायचं. ते 10 आणि 6, 8 आणि 8, 20 मधून 4 वजा, 17 च्या आधीचं. उत्तरं अनेक, म्हणून मागे बसणाऱ्यालाही काही तरी सांगता येतं.

*तारीख आणि वार:* आज बुधवार, मग परवा कोणता वार? रविवार किती दिवसांवर?

कुठे चुकतं?

सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, तेव्हा कोणाला येतं आणि कोणाला नाही, ते कळत नाही. म्हणून शिक्षक प्रश्न विचारून थोडं थांबतात, मग एकेकाला विचारतात. उत्तर आलं की 'कसं काढलंस?' हा पुढचा प्रश्न. उत्तर चुकलं असेल, तर नेमकी कुठे वाट चुकली ते याच प्रश्नातून सापडतं. शिवाय महिनोन्‌महिने तेच सोपे प्रश्न राहिले, तर उपक्रमाचा नुसता पाठांतराचा कार्यक्रम होतो.

सरकारी उद्दिष्ट काय?

जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात पहिलीअखेर 99 पर्यंत, दुसरीअखेर 999 पर्यंत आणि तिसरीअखेर 9999 पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात, असं ठरवलं आहे. दशकाचा गठ्ठा पहिलीत कच्चा राहिला, तर शतक समजणं आणि पुढे हातच्याची वजाबाकी दोन्ही अडतात.

घरी काय करता येईल?

भाजी निवडताना भेंड्यांचे दहा-दहाचे ढीग, भिंतीवरच्या कॅलेंडरवर 'सुट्टीला किती दिवस उरले?' किंवा जिन्याच्या पायऱ्यांची उलटी मोजणी. पाच मिनिटं पुरतात. अट एकच: उत्तर मोठ्यांनी आधी सांगायचं नाही.