आभासी यंत्रसमूहांची व्यवस्था : आज्ञेकडून वर्णनाकडे

आभासी यंत्रे निर्माण करण्याची कला आधी सिद्ध झाली. त्यांचे समूह सुस्थितीत राखण्याची पद्धती पुष्कळ उशिरा आली. या विलंबाचे कारण व त्यातून मराठवाड्यास घ्यावयाचा बोध, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

आय.बी.एम.च्या केंब्रिज येथील केंद्रात १९६७ च्या सुमारास एकाच मोठ्या संगणकावर अनेक स्वतंत्र संगणकांचा भास निर्माण करण्यात यश आले. १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली. असे संगणक मोजक्या संस्थांकडे व तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असत. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय सामान्य संगणकावर आणली. यंत्रांची संख्या वाढली आणि हाताने केलेल्या लहानसहान बदलांमुळे एकसारखी यंत्रे हळूहळू परस्परांहून भिन्न होऊ लागली.

यावरील उपायाची पायाभरणी ऑस्लो येथे आधीच झाली होती. १९९३ मध्ये मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन हे साधन रचले. त्यातील मूळ कल्पना साधी आहे. ‘फाइलीत ही ओळ घाल’ ही आज्ञा दोनदा दिल्यास ओळ दोनदा उमटते. ‘फाइलीत ही ओळ असावी’ हे वर्णन कितीही वेळा लागू केले तरी ओळ एकच राहते. पपेट (२००५) व अ‍ॅन्सिबल (२०१२) यांनी हाच विचार पुढे नेला. २०१० च्या व्हॅग्रंटने संपूर्ण यंत्रसमूह एका फाइलीत लिहिण्याची सोय केली व आतील मांडणीसाठी कोणते साधन वापरावे, याची निवड उपयोजकावर सोपविली. या साधनांची लवचीकता ती हीच.

१९९३ हेच वर्ष लातूर जिल्ह्यास निराळ्या कारणाने स्मरणात आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरातील गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. पुढील वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर येथे त्याचे उपकेंद्र आहे. दोन्ही शहरांत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. एका ठिकाणची यंत्रे नष्ट झाली, तरी त्यांचे वर्णन दुसरीकडे जतन केलेले असल्यास तोच समूह तेथे पुन्हा उभा करता येईल. मात्र वर्णनात प्रत्येक प्रणालीची नेमकी आवृत्ती नोंदविलेली असावी. अन्यथा नवा समूह जुन्यासारखा निघेलच, असे नाही. शिवाय वर्णनातून यंत्र परत येते, गुणपत्रके वा प्रबंध येत नाहीत. त्यांच्या प्रती स्वतंत्रपणेच राखाव्या लागतात.

इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक लाभ आहे. हाताने केलेली मांडणी मागे काहीच ठेवीत नसे. लिखित वर्णनाच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद राखल्यास कोणी, केव्हा व काय बदलले, हे कळते. म्हणून या फाइलींची गणना आता संस्थेच्या दफ्तरातच करावयास हवी.