मोहरीचे दाणे आणि अनंत



मागच्या महिन्यात देवळ्याहून सटाणा, ताहाराबाद करत मांगी-तुंगीला दर्शनाला गेलो होतो. या क्षेत्रावरून 99 कोटी मुनी मोक्षाला गेले, हे आपण निर्वाणकांडात नेहमी म्हणतो. पायऱ्या उतरताना नातीने विचारले, "आजी, 99 कोटी म्हणजेच अनंत का गं? आणि इतके जीव मोक्षाला जात राहिले, तर एक दिवस संसार रिकामा नाही का होणार?"

मला पटकन उत्तर सुचले नाही. घरी येऊन पुस्तके काढली.

पहिला प्रश्न सोपा निघाला. दर सेकंदाला एक याप्रमाणे मोजत बसले, तर 99 कोटी मोजायला 31 वर्षांहून थोडे अधिक लागतील. म्हणजे ही संख्या मोठी असली तरी मोजून संपणारी आहे. आपल्या आचार्यांनी संख्येचे तीन भाग केले: संख्यात, असंख्यात आणि अनंत. मोजणी त्यांनी दोनपासून धरली, एकाला गणनेत घेतले नाही.

संख्यात कुठे संपते, हे सांगायला त्यांनी घेतली ती आपल्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी. जंबूद्वीपाएवढे, म्हणजे एक लाख योजन रुंद आणि एक हजार योजन खोल कुंड मोहरीने शिगोशीग भरायचे. मग एकेक दाणा पुढच्या द्वीपात, त्यापुढच्या समुद्रात टाकत जायचे. प्रत्येक द्वीप-समुद्र आधीच्याच्या दुप्पट. दाणे जिथे संपतील तेवढ्या रुंदीचे नवे कुंड भरायचे. एकेक फेरी झाली की शलाका कुंडात खुणेचा एक दाणा टाकायचा. ते भरले की प्रतिशलाका कुंडात एक, आणि तेही भरले की महाशलाका कुंडात एक. ही सगळी भरतील तेव्हा असंख्यात सुरू होते. अनंत तर त्याच्याही कितीतरी पुढे. ही रीत श्वेतांबरांच्या अनुयोगद्वार सूत्रात आहे, तशीच दिगंबरांच्या तिलोयपण्णत्तीतही आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर षट्खंडागमावरच्या धवला टीकेत सापडले. आचार्य वीरसेन तिथे अनंताची ओळख जमाखर्चाच्या भाषेत करून देतात. नवी भर पडत नसताना सतत खर्च होत राहिला, तरीही जे कधी संपत नाही ते खरे अनंत. कितीही मोठे असले तरी जे खर्चाने संपते, त्याला अनंत म्हणणे हा केवळ उपचार. मूळ सूत्रात तर जीव आणि काळ यांची जोडी लावून पाहिली आहे. मिथ्यादृष्टी जीवांतून एकेक जीव आणि काळातून एकेक समय काढत गेलो, तर अनंतानंत उत्सर्पिणी-अवसर्पिणी सरतील, पण जीव सरणार नाहीत. म्हणजे अनंतातही लहानमोठे असते! युरोपात 1874 मध्ये गेऑर्ग कँटर यांनी सगळे अनंत सारखे नसतात हे गणिताने सिद्ध केले. त्यांची वाट वेगळी, प्रयोजनही वेगळे. पण जोड्या लावून तुलना करण्याची कल्पना आपल्याकडे त्याआधी हजार वर्षे लिहिलेली होती.

ही टीका आपल्यापर्यंत आली कशी, तेही ऐका. प्रा. हिरालाल जैन यांनी धवलेचा पूर्णत्वाचा काळ इ.स. 816 असा ठरवला. पण कित्येक शतके तिच्या जुन्या कानडी लिपीतल्या ताडपत्रांचे मूडबिद्रीला फक्त दर्शन होत असे, वाचन नाही. 1896 च्या सुमारास तिथे नक्कल करण्याचे काम सुरू झाले. त्यात मिरजेचे गजपती उपाध्याय होते. मंदिरासाठी नक्कल करता करता त्यांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली. त्या प्रतीत मोठा हात होता त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंचा. गुपचूप केलेले काम योग्य की अयोग्य, यावर दोन मते होतील. पण ती प्रत सहारनपूरला पोहोचली, तिथून नागरी नकला झाल्या, आणि 1939 मध्ये हिरालालजींनी आपल्या अमरावतीहून पहिला खंड छापला. 1942 च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतल्या गणितावर लेख लिहिला, तेव्हा हे गणित बाहेरच्या जगालाही कळले.

एका बाईने अक्षर अक्षर उतरवलेल्या पानांतून अनंत आपल्या घरापर्यंत आले. स्वाध्याय पुरुषांनी करायचा, आपण फक्त अर्घ्य चढवायचे, असे मानणाऱ्या मैत्रिणींनी लक्ष्मीबाईंना जरूर आठवावे.

नातीला मी एवढेच सांगितले, "संसार रिकामा होणार नाही. पण तुझा संसार संपू शकतो." कारण शास्त्र असेही म्हणते, की एकदा सम्यक्त्व लाभले की जीवाचा उरलेला संसार जास्तीत जास्त अर्धपुद्गल परावर्तन एवढाच. तो काळ प्रचंड आहे, त्याला अनंतही म्हणतात, पण ते उपचारानेच. त्याला शेवट आहे.

त्या संध्याकाळी सामायिक करताना 48 मिनिटे मला मुळीच लांब वाटली नाहीत.