नाईस म्हणजे नेमकं काय?

धाकट्या बहिणीने आयुष्यातली पहिली कथा लिहिली आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. सतरा पानांची पीडीएफ. मी बसमध्ये होते. अर्धी चाळली, 'नाईस!' लिहिलं, शेजारी एक अंगठा ठेवला आणि मोकळी झाले. दोन मिनिटांत तिचा मेसेज आला : "ताई, नाईस म्हणजे काय?"

आता आली का पंचाईत! उत्तर टाळायला म्हणून मी शब्दकोश उघडला आणि स्टॉप चुकला.

'नाईस'चं मूळ लॅटिनमध्ये आहे : 'नेस्कियुस'. त्यातला 'ने' म्हणजे आपला 'न', आणि 'स्किरे' म्हणजे जाणणं. न जाणणारा. अडाणी. याच 'स्किरे'पासून 'सायन्स' आला, म्हणजे सायन्स आणि नाईस एकाच घरातले. एकाला ज्ञान मिळालं, दुसऱ्याच्या वाट्याला नुसता नकार आला.

जुन्या फ्रेंचमधून साधारण 1300च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, बावळट. चौदाव्या शतकातल्या चॉसरने एखाद्याला 'नाईस' म्हटलं तर तो माणूस खूश होणं शक्य नव्हतं. पुढे या शब्दाने इतके अर्थ घेतले की हसू येतं : छचोर, नटवा, आळशी, नाजूक, लाजरा, नखरेल. तिथून गाडीने वळण घेतलं. नखरेल माणसाला सहजासहजी काही पसंत पडत नाही, म्हणून तो चोखंदळ. चोखंदळ माणसाला दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक दिसतो, म्हणून तो बारकाव्याचा, काटेकोर. सोळाव्या शतकापर्यंत 'नाईस'ला सूक्ष्म, अचूक असा अर्थ आला होता. आजही इंग्रजीत 'नाईस डिस्टिंक्शन' म्हणजे छानसा फरक नव्हे, केसाएवढा बारीक फरक. (आपल्याकडे 'चिकित्सक'चं असंच झालंय. चिकित्सा वैद्याची, आणि चिकित्सक म्हणजे भाजीत मीठ कमी पडलं की नाक मुरडणारे काका.)

'गोड, सुखद, चांगला' हा आपला रोजचा अर्थ रुळला तो थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे कालपरवाच.

मधल्या काळातलं वाचताना खरी गंमत आहे, आणि खरा धोकाही. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या शेवटाकडे पाद्री लॉरेन्सला कळतं की त्याने रोमिओला लिहिलेलं पत्र पोचलंच नाही. हादरून तो म्हणतो की ते पत्र 'नाईस' नव्हतं. आजच्या वाचकाला वाटेल, पत्रातली भाषा बरी नसेल. त्याला म्हणायचंय, पत्र क्षुल्लक नव्हतं, त्यात जीव अडकले होते. चुकतो आपण, पण चुकल्याचं कळतही नाही, कारण शब्द ओळखीचा असतो. अनोळखी शब्द बरा, तो निदान शब्दकोश उघडायला लावतो. या शब्दापुढे ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संपादकांनीसुद्धा हात टेकले : सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कित्येक वाक्यांत लेखकाला कोणता 'नाईस' अभिप्रेत होता हे सांगणं अवघड आहे, अशी नोंदच त्यांनी करून ठेवली आहे.

माझ्यासारख्यांची खोड जेन ऑस्टिनने दोनशे वर्षांपूर्वीच हेरली होती. 1817च्या डिसेंबरात, तिच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, 'नॉर्दँगर अ‍ॅबी' प्रसिद्ध झाली. त्यात बाथ शहराजवळ फिरताना कॅथरीन एका कादंबरीला 'नाईस' म्हणते आणि हेन्री टिल्नी तिची फिरकी घेतो : पुस्तकही नाईस, हवाही नाईस, मुलीही नाईस, म्हणजे हा शब्द कशालाही चालतो! मला मात्र त्याच्या बहिणीचं, एलेनरचं, जास्त कौतुक वाटतं. ती भावाला सुनावते की तुझ्यात शहाणपणापेक्षा नाईसपणाच जास्त आहे. इथे नाईस म्हणजे फाजील काटेकोर. त्याच शब्दाचा जुना अर्थ काढून तिने त्यालाच टोला हाणला.

अगदी उलटा प्रवास 'सिली'चा. जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वज म्हणजे सुखी, धन्य, देवाची कृपा असलेला. धन्यचा निष्पाप, निष्पापचा भोळा, भोळ्याचा बिचारा, आणि शेवटी मूर्ख. हे वाचताना मला एकदम सम्राट अशोक आठवला. गिरनारच्या शिळेवर तो स्वतःला 'देवानंपिय' म्हणवतो, देवांचा लाडका. पतंजलीच्या महाभाष्यातही 'देवानांप्रिय' हे आदरानेच येतं. आणि सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त त्याचा अर्थ काय दिलाय? मूर्ख! तेवढ्याच भरवशावर शिलालेख वाचले असते तर एका सम्राटाने देशभरच्या दगडांवर 'मी मूर्ख' असं कोरून घेतलं, असं मानावं लागलं असतं. त्याच अशोकाच्या बाराव्या लेखात 'पासंड' म्हणजे कुठलाही पंथ, आणि दुसऱ्याच्या पासंडाचा मान राखा असं तो सांगतो. आपण आज 'पाखंडी' कसा वापरतो ते तुम्हाला माहीत आहेच.

तर मग 'नाईस'ऐवजी दुसरा शब्द घ्यावा का? त्यासाठी रॉजेटचा 'थिसॉरस' आहे. 1852मध्ये तो छापून आला तेव्हा डॉक्टर पीटर मार्क रॉजेट 73 वर्षांचे होते. शब्द अक्षरक्रमाने न लावता अर्थांच्या कुटुंबांनी लावायचे, ही त्यांची कल्पना. असं काम संस्कृतात 'अमरकोशा'ने फार पूर्वी केलं होतं, आणि रॉजेटनी प्रस्तावनेत त्याचा उल्लेखही केला आहे. पण कुटुंबातली माणसं सारखी नसतात. आपलेच घ्या : सुरेख, झकास, फक्कड, नामी, बरा, भारी. 'सुरेख'मध्ये अजून रेष दिसते. 'भारी'त वजन आहे. फक्कड चहा असतो, फक्कड मुलाखत असते, पण फक्कड प्रार्थना नसते. आणि मोठ्या मामींनी नवीन साडीकडे बघून 'बरी आहे' म्हटलं की ती साडी पुन्हा कपाटाबाहेर येत नाही.

जो शब्द शतकभर बारीक फरक दाखवायला वापरला, त्याच शब्दाने मी सतरा पानं एका फटक्यात सारखी करून टाकली होती. त्या मुलीने मात्र मूळ अर्थावरच बोट ठेवलं होतं. मी अर्धीच कथा चाळली होती, म्हणजे 'न जाणणारी' मीच.

रात्री कथा पूर्ण वाचली, आणि दुसऱ्यांदाही वाचली. मग तिला लिहिलं : चौथ्या पानावर आजी कुलूप लावून ते तीनदा ओढून बघते, तिथे मी थांबले, कारण आपली आजी तसंच करायची आणि तू ते लक्षात ठेवलंयस. डॉक्टरचं भाषण लांबलंय. शेवटी सगळ्यांना रडवलंयस, पण मला रडू आलं नाही, ते पान काढून बघ.

निळ्या टिका लगेच आल्या. त्याला आता दोन दिवस झाले, उत्तर नाही. काल मात्र नवी पीडीएफ आली. सोळा पानांची.