ट्रकचे इंजिन आणि इंडियानापोलिसची शर्यत

१/ ३० मे १९५२. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पहिल्या स्थानी उभी होती डिझेलवर धावणारी मोटार! तिचे ६.६ लिटरचे इंजिन कमिन्स कंपनीच्या ट्रकसाठीच्या इंजिनावर बेतलेले होते. (हीच कंपनी १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात आली.) चालक होते फ्रेडी अगाबाशियन.

२/ नुसते डिझेल वाढवून इंजिनाची शक्ती वाढत नाही. ते जाळण्यास पुरेशी हवा लागते. ती अपुरी पडली की काळा धूर निघतो.

३/ १९५० च्या शर्यतीत कमिन्सने सुपरचार्जर वापरला होता. तो इंजिनाच्याच बळावर फिरतो, म्हणून मिळालेल्या शक्तीतील काही वाटा स्वतःच खातो.

४/ १९५२ मध्ये त्याच्या जागी टर्बोचार्जर आला. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. वाया जाणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरते आणि त्याच आसावरील दुसरे चक्र इंजिनात हवा दाबून भरते. पात्रता फेरीत सरासरी वेग ताशी सुमारे २२२ किलोमीटर भरला.

५/ परंतु हवा आत घेणारे तोंड मोटारीच्या पुढच्या टोकाशी, जमिनीलगत होते. झिजलेल्या टायरांचे रबरी कण तेथून शिरले, टर्बो तुंबला आणि २०० पैकी ७१ फेऱ्यांनंतर मोटार शर्यतीबाहेर पडली.

६/ इंजिन सक्षम होते. घात केला हवेच्या वाटेने. टर्बो बदलताना हवा कोठून येणार आणि कशी गाळली जाणार, हेही नव्याने ठरवावे लागते. ट्रकमध्ये टर्बोच्या आधी एअर फिल्टर असतो, तो याचसाठी.