पुसली गेलेली रेघ

मंडळी, मैदानावर फक्कीने आखलेल्या रेघेइतकी अल्पायुषी वस्तू दुसरी नसेल. आणि तरी न्याय तिच्याच भरवशावर! सॉफ्टबॉलमधल्या फलंदाजाच्या चौकटीचंच बघा ना.

या चौकटीचं मूळ बेसबॉलमध्ये आहे. १८६० च्या सुमारास फलंदाजाने होम बेसच्या मधून आखलेल्या एका रेघेवर उभं राहायचं, असा नियम होता. १८७४ मध्ये रेघेच्या जागी चौकट आली. म्हणजे पुढेमागे सरकायला मोकळीक, पण मर्यादेत. पुढे १८८७ मध्ये शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात जॉर्ज हॅनकॉकने बॉक्सिंगच्या ग्लोव्हचा दोरीने बांधून चेंडू केला, खडूने जमिनीवर रेघा ओढल्या आणि छपराखाली बेसबॉल सुरू केला. त्याचाच पुढे सॉफ्टबॉल झाला.

आज सॉफ्टबॉलची चौकट ७ फूट लांब आणि ३ फूट रुंद असते. नियम ऐकायला सोपा: बॅट चेंडूला लागताना एक अख्खा पाय चौकटीबाहेर जमिनीला टेकलेला असेल, तर फलंदाज बाद. फटका फाउल गेला तरी बाद, आणि धावपटू परत आपापल्या बेसवर. पण रेघ हा चौकटीचाच भाग, त्यामुळे पायाचा जरासा भाग रेघेवर असला तरी चालतं. पाय बाहेर पण हवेत असला तरीही चालतं.

आता अंपायरची पंचाईत बघा. तो कॅचरच्या मागे उभा, नजर चेंडूवर. त्याच क्षणी पायही बघायचा! त्यात 'स्लॅप' मारणारी डावखुरी मुलगी धावत धावतच चेंडू टोलवते, कारण पहिला बेस फक्त ६० फुटांवर आणि तिला अर्धं पाऊल आधी निघायचं असतं. तिच्या खेळाची सगळी खुबी त्या अर्ध्या पावलात, आणि गुन्हाही तिथेच! शिवाय दोन-तीन डावांत बुटांखाली रेघ पुसली जाते ती वेगळीच.

बाहेर उमटलेला ठसा दाखवून प्रतिस्पर्धी संघ ओरडतो. पण तो पुरावा नव्हे. फटक्यानंतर पाय बाहेर पडणारच, आणि ठसा काही वेळ सांगत नाही.

क्रिकेटमध्ये २०२० पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत पुढच्या पायाचा नो-बॉल तिसरा पंच कॅमेऱ्यावर बघू लागला. शाळा-कॉलेजच्या सॉफ्टबॉलला कुठला आलाय कॅमेरा? तिथे दोनच डोळे. म्हणून मला वाटतं, पाय बाहेर टेकलेला स्वतः पाहिला तरच हात वर करावा. 'असावा बहुतेक' म्हणून नाही. सुटलेल्या चुकीने एखादी धाव जाईल, पण अंदाजाने बाद दिलेल्या मुलीला आपलं काय चुकलं हे कधीच कळणार नाही.

रेघेची चौकट झाली तेव्हा फलंदाजाला मोकळीक मिळाली. तिचं ओझं मात्र अंपायरच्या डोळ्यांवर आलं, ते अजून तिथेच आहे. असो.